चार हजारापाशी खोल

गुरुवारी हर्णैला माझा दवाखाना
बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवर.
खाली लाद्या फुटत असतात तोवर
मी नाकं बघते, घसे बघते.
आज सकाळी एका पोराच्या नाकात कोकमाची बी.
आईला म्हटलं, तोंडाला तोंड लाव,
दुसरी नाकपुडी दाब, आणि फुंक.
बी टण्णकन ट्रेमध्ये.
पोर रडायचं विसरलं, बी परत मागू लागलं.

कान मात्र दुपारी.
एकला क्रशर थांबतो,
नुरुद्दीन गोधड्या ठोकलेल्या खोलीचं दार लावतो
आणि पाऊण तास मिळतो शांततेचा,
उसना,
जेवणाच्या सुट्टीपुरता.

त्यातच आला धाकू पावसे.
सव्वीस वर्षं ‘हिरादेवी’च्या इंजिनाशेजारी,
सायलेन्सर असून नसल्यासारखा.
बरोबर शेवंती. तिला तक्रारी तोंडपाठ:
टीव्ही शेजारच्या वाडीला ऐकू जातो.
मी सात म्हणते, ह्यांना साठ ऐकू येतं.
हाक मारली की बघतात, सांगितलं की विसरतात.
“मुद्दाम करतात, डॉक्टरीणबाय.”

मळ नव्हता.
पडदा शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा, लखलखीत.
चिमटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला,
मग कानासमोर धरला.
“कुठं मोठा?”
“फुडं.”
म्हणजे वाट उघडी आहे.
आत माल उतरवून घ्यायला कुणी नाही.

काचेतून मला त्याचा अंगठा दिसत होता.
खालचे सूर आले, अंगठा लगेच दाबला.
सूर वर चढत गेले
तसा तो बटणावर नुसताच बसून राहिला,
गळ टाकून माणूस बसतो तसा.

कागदावर उजव्याचे लाल गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या,
हजारापर्यंत सपाट,
चार हजारापाशी धाडकन खाली.
मी समजावायला पेन उचललं, तेवढ्यात
त्यानं कागद स्वतःकडे फिरवला.
रोज फिशफाइंडर बघणारे डोळे.
“ह्यो तळ. हितं खोल हाय.
असल्या खड्ड्यात घोळ बसतो.”

बसलंय खरं, मी म्हटलं.
स बसलाय, श, त, थ, फ.
आवाज येतो, त्याच्या कडा येत नाहीत.
कानाच्या आत बारीक केस असतात,
इंजिनानं झडले ते पुन्हा उगवत नाहीत.
त्यानं टकलावरून हात फिरवला
आणि पहिल्यांदा हसला.

शेवंती हसली नाही.
“म्हंजे मुद्दाम न्हाय?”
“नाही.”
पिशवीचे बंद तिनं सारखे केले,
सोडले, पुन्हा सारखे केले.
किती वर्षांची भांडणं होती त्या पिशवीत कोण जाणे.
मग अगदी हळू, भिंतीकडे बघत म्हणाली,
“अहो, ऐकलंत का?”
“अहो येतं की ऐकू,” धाकू म्हणाला,
“फुडचं पाठ हाय.”

पुढच्या महिन्यात मशीन बसवलं.
म्हणाला, जरा खाली जाऊन येतो.
वीस मिनिटांनी आला, पाय गुडघ्यापर्यंत ओले.
“लाट यायची तवा कळायचं.
परत जाताना काय करते, इसरलो व्हतो.”
अजून काही सांगणार होता,
पण दोन वाजले, खाली क्रशर सुरू झाला,
आणि त्यानं घाईनं मशीन काढून
मुठीत धरलं, पाखरू धरावं तसं.

खाऱ्या हवेला जपा, मी बजावलं.
रात्री काढून कोरड्या डबीत ठेवा.
आता शेवंती ते तांदळाच्या डब्यात ठेवते.
बटण बंद करायचं तो हमखास विसरतो.
गेल्या गुरुवारी तीच सांगत होती,
मध्यरात्री डबा शिट्टी घालतो,
ती उठते, तांदळात कोपरापर्यंत हात घालून शोधते,
आणि हे बाजूला झोपलेले असतात
गाढ.
“तेवढं काय औषध हाय का?”
नाही म्हटलं.